पायाच्या रोहिणीत ध्वनी काय करतो

१६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाने ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतील रोहिणी आतून रुंद केली. पायाची बोटे सडू लागली होती, शल्यचिकित्सकांनी पाय कापायचा सल्ला दिला होता आणि बाई त्याला तयार नव्हत्या. डॉटरने रोहिणीत एक तार घातली, ती अडथळ्याच्या पलीकडे नेली आणि तिच्यावरून एकीहून एक जाड नळ्या पुढे सरकवल्या. रक्त वाहू लागले, पाय वाचला. अँजिओप्लास्टी म्हटले की आपल्याला हृदय आठवते. पण तिचा जन्म पायात झाला.

त्या दिवशी डॉटरला जे दिसत होते, ते म्हणजे रोहिणीत सोडलेल्या रंगद्रव्याची क्ष-किरणांतली सावली. आज साठ वर्षांनंतरही बहुतेक ठिकाणी पायाची अँजिओप्लास्टी याच सावलीकडे पाहून केली जाते. सावलीवरून रक्त कुठवर पोचते हे कळते. भिंत किती जाड आहे, तिच्यात चुना किती साठला आहे, मूळ रोहिणी किती रुंद होती, हे कळत नाही. हे सांगणारे साधन दुसरे आहे, ते म्हणजे ध्वनी. पायाच्या बंद रोहिण्यांवरील उपचारात ध्वनीचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो: पाहण्यासाठी आणि फोडण्यासाठी. फोडणाऱ्या ध्वनीची चर्चा जास्त होते. माझे मत असे आहे की रुग्णाच्या पायाला आजवर पाहणाऱ्या ध्वनीचाच अधिक उपयोग झाला आहे, आणि ते पुराव्यानिशी दाखवावे यासाठी हे विवेचन.

पोटरीतला गोळा

आजार साधा आहे, पण फसवा आहे. पायाच्या रोहिणीच्या भिंतीत चरबी आणि चुना साचतो, पोकळी अरुंद होते. बसलेल्या माणसाच्या स्नायूला थोडे रक्त पुरते. चालू लागले की मागणी कैक पटींनी वाढते आणि ती भागत नाही. मग ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी भरून येते, गोळा येतो, उभे राहावे लागते. दोनचार मिनिटांत दुखणे जाते, पुन्हा चालता येते, पुन्हा तेवढ्याच अंतरावर थांबावे लागते. घरचे म्हणतात वय झाले, रुग्ण म्हणतो वात आहे, आणि वर्षे जातात. आजार पुढे सरकला की रात्री अंथरुणात पाऊल ठणकते. पाय खाटेखाली लोंबता सोडला की बरे वाटते, कारण गुरुत्वाकर्षण रक्ताला थोडी मदत करते. रुग्ण खुर्चीत बसून झोपतो असे घरच्यांनी सांगितले, तर ते लक्षण गंभीर समजावे. त्यापुढची पायरी म्हणजे न भरणारी जखम आणि गँगरीन.

२०१० सालच्या अंदाजानुसार जगात २० कोटींहून अधिक लोकांना हा आजार होता. चेन्नईत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तो एकूण प्रौढांपैकी ३.२ टक्के लोकांत आणि मधुमेह असलेल्यांपैकी ६.३ टक्के लोकांत आढळला. आपल्याकडे मधुमेहाच्या जोडीला तंबाखू आहे. बिडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत पायाच्या आणि हाताच्या बारीक रोहिण्या बंद पाडणारा एक वेगळा आजार होतो. लिओ बर्गर यांनी न्यूयॉर्कमध्ये १९०८ साली त्याचे वर्णन केले, म्हणून तो बर्गरचा आजार. तो बहुधा गुडघ्याखालच्या वाहिन्यांत असतो, तिथे रोहिणी आतून रुंद करणाऱ्या फुग्याला आणि बायपासला धड जागा मिळत नाही, आणि बिडी सुटल्याखेरीज कुठलाही उपचार टिकत नाही. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल, चरबी आणि चुन्याने बंद झालेल्या रोहिण्यांबद्दल आहे.

ऐकणे

ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली प्रागमध्ये मांडलेला सिद्धान्त ताऱ्यांच्या प्रकाशाबद्दल होता: लहरींचा उगम आणि पाहणारा यांच्यातले अंतर बदलत असेल तर लहरीची वारंवारता बदललेली भासते. जपानमध्ये ओसाका येथे शिगेओ सातोमुरा यांनी १९५० च्या दशकात हे तत्त्व शरीराच्या आत नेले. ध्वनी आत सोडायचा, वाहत्या तांबड्या पेशींवर आपटून परत येणारा ध्वनी पकडायचा आणि दोहोंतला फरक मोजायचा. पुढे सिॲटल येथे युजीन स्ट्रँडनेस यांनी पायाच्या रोहिण्यांसाठी हे साधन रुग्णांपर्यंत आणले.

या तपासणीतली एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. आपला कान सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो. पेनाएवढ्या डॉप्लरमधून बाहेर पडणारा ध्वनी सेकंदाला सुमारे ८० लाख कंपनांचा, म्हणजे ८ मेगाहर्ट्झचा असतो. तो ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. पण रक्त सेकंदाला ५० सेंटिमीटर वेगाने वाहत असेल आणि ध्वनी ६० अंशांच्या कोनात आपटत असेल, तर जाणाऱ्या व परतणाऱ्या ध्वनीतला फरक सुमारे २,६०० कंपनांचा येतो. हा फरक नेमका आपल्या कानाच्या टप्प्यात पडतो. त्यामुळे कोणतेही चित्र न काढता, फक्त तो फरक स्पीकरवर सोडून, डॉक्टर रक्त वाहताना ऐकू शकतो. निरोगी रोहिणीचा ठोका तीन भागांचा असतो: जोरदार पुढे, क्षणभर मागे, पुन्हा थोडे पुढे. वरच्या बाजूला अडथळा असेल तर हे भाग पुसले जातात आणि एकच लांबट, दबका फुत्कार उरतो. सरावलेला कान एवढ्यावर निम्मे निदान करतो.

दुसरे निम्मे साध्या भागाकाराने होते. दंडाला आणि घोट्याला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा, पेन-डॉप्लरने नाडीचा आवाज परत कधी येतो ते ऐकून वरचा दाब मोजायचा आणि घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागायचे. दंडात १३० आणि घोट्यात ७८ आला तर उत्तर ०.६. निरोगी माणसात ते १ ते १.४ असते, ०.९ वा त्याखाली गेले की पायाच्या रोहिणीत अडथळा आहे असे धरतात. एवढ्या तपासणीला ना सुई लागते, ना रंगद्रव्य, ना मोठे यंत्र.

मधुमेही माणसात मात्र हा भागाकार फसवू शकतो. त्याच्या घोट्याजवळच्या रोहिणीच्या मधल्या थरात चुना बसतो, ती लोखंडी नळीसारखी होते आणि पट्टा कितीही आवळला तरी दबत नाही. दाब खोटा वाढलेला येतो, उत्तर १.४ च्या वर किंवा, त्याहून वाईट म्हणजे, अगदी सामान्य येते. कागदावर पाय उत्तम आणि अंगठ्याला जखम! अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो, कारण तिथल्या बारीक वाहिन्या या चुन्यातून सहसा सुटतात. जिथे हा आजार सर्वांत जास्त, तिथेच सोपी तपासणी दगा देते. मधुमेही रुग्णाच्या पायावर जखम असताना घोट्याच्या आकड्यावर विसंबून त्याला घरी पाठवणे ही मोठी चूक आहे.

वेगावरून रुंदी

पुढची पायरी म्हणजे लोक ज्याला ‘पायाचा कलर डॉप्लर’ म्हणतात ती तपासणी. तिच्यात रोहिणीचे चित्र आणि रक्ताचा वेग दोन्ही एकाच वेळी मिळतात. तत्त्व बागेतल्या पाण्याच्या पाइपचे: तोंडावर बोट दाबले की पाणी जोरात उडते. अरुंद जागेत रक्ताचा वेग वाढतो. मांडीतल्या निरोगी रोहिणीत सर्वाधिक वेग सेकंदाला १०० सेंटिमीटरच्या आसपास असतो. एखाद्या जागी तो लगतच्या चांगल्या भागाच्या दुपटीपेक्षा जास्त झाला तर पोकळी निम्म्याहून अधिक बुजली आहे असा अंदाज करतात. म्हणून तपासणाऱ्याने जांघेपासून घोट्यापर्यंत इंच इंच पुढे सरकायचे, प्रत्येक ठिकाणी कोन ६० अंशांच्या आत ठेवायचा आणि आकडे लिहीत जायचे. काम किचकट आहे आणि करणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे. घाईत केलेल्या तपासणीचा अहवाल वाचला की लगेच कळते: त्यात ‘प्रवाह कमी’ असे शब्द असतात, वेगाचे आकडे नसतात.

आपल्याकडे या तपासणीला लागणारे सोनोग्राफीचे यंत्र कुठेही नेऊन ठेवता येत नाही, त्याला वेगळे आणि रास्त कारण आहे. गर्भलिंग तपासणी रोखणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम १९८८ साली केला आणि १९९४ साली तो देशाचा झाला. गर्भाचे लिंग ओळखू शकणारे प्रत्येक यंत्र नोंदवावे लागते. मुली वाचवण्यासाठी हे बंधन हवेच. त्यासोबत हेही खरे की पाय तपासू पाहणाऱ्या डॉक्टरला त्यातूनच वाट काढावी लागते, आणि म्हणून चित्र न दाखवणाऱ्या साध्या पेन-डॉप्लरचे मोल तालुक्याच्या गावी अधिक आहे.

कलर डॉप्लरने उपचारही करता येतो. ब्रुकलिनमधल्या मायमोनायडीज रुग्णालयात एन्रिको आशर आणि अनिल हिंगोराणी यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात मांडीच्या रोहिणीची अँजिओप्लास्टी सोनोग्राफीच्या पडद्याकडे पाहून करून दाखवली. तारही ध्वनीत दिसते, फुगाही दिसतो आणि फुगा काढल्यावर वेग किती उतरला तेही तिथल्या तिथे कळते. रंगद्रव्यातल्या आयोडीनयुक्त औषधाने मूत्रपिंडावर ताण येतो. ज्या मधुमेही रुग्णाची मूत्रपिंडे आधीच थकली आहेत, त्याच्यासाठी ही रीत मोलाची आहे. तरीही ती सर्वत्र पसरली नाही. ओटीपोटातल्या रोहिण्या आतड्यांतल्या हवेमुळे नीट दिसत नाहीत आणि चुन्याच्या जाड थराखाली ध्वनीचीच सावली पडते.

रोहिणीच्या आतून

बाहेरून पाहणाऱ्या ध्वनीपुढे एक अडचण कायम आहे. ध्वनी मऊ ऊतींतून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. ५ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ०.३ मिलिमीटर, २० मेगाहर्ट्झला ती ०.०८ मिलिमीटरहून कमी. लहर जितकी आखूड, तितका तपशील बारीक. पण तितकीच ती शरीरात लवकर विरते. बारीक पाहायचे तर खोल जाता येत नाही. यावर उपाय एकच: ध्वनी काढणारा स्फटिकच रोहिणीत घेऊन जायचा. रॉटरडॅममध्ये निकोलास बोम आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नळीच्या टोकाला ३२ छोटे स्फटिक बसवून हे हृदयासाठी करून पाहिले. आज एक-दोन मिलिमीटर जाडीची नळी पायाच्या रोहिणीतून मागे ओढत आणली की प्रत्येक ठिकाणचा आडवा छेद पडद्यावर दिसतो: पोकळी, भिंतीत साचलेला साका, चुन्याचे कडे आणि भिंतीचा बाहेरचा थर.

हा बाहेरचा थर दिसणे महत्त्वाचे आहे. सावलीत दिसते ती उरलेली पोकळी. आजूबाजूची ‘निरोगी’ वाटणारी जागाही बहुधा आतून लिंपली गेलेली असते, त्यामुळे डॉक्टर मूळ रुंदी कमी धरतो आणि लहान फुगा निवडतो. लांब नळीतला विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. पाच मिलिमीटरच्या रोहिणीत चार मिलिमीटरचीच वाट उघडली तर विरोध जवळजवळ अडीच पट राहतो. एक मिलिमीटर! डोळ्यांनी सावलीवर अंदाज घेताना एवढी चूक सहज होते. मोठा फुगा घेतला तर भिंत फाटते, म्हणून अंदाजाने काम करणारा शहाणा डॉक्टर नेहमी लहानाकडे झुकतो. माप मिळाले की ही भीती राहत नाही.

दोन चाचण्यांचे निकाल इथे सांगितले पाहिजेत. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे मांडी-गुडघ्याच्या रोहिणीचा आजार असलेल्या १५० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. निम्म्यांत फक्त सावली, निम्म्यांत सावली आणि आतला ध्वनी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात वर्षभराने रोहिणी पुन्हा अरुंद न झालेले रुग्ण ध्वनीच्या गटात ७२.४ टक्के होते, दुसऱ्या गटात ५५.४ टक्के. मात्र पुन्हा उपचाराची गरज किती जणांना पडली यात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही, म्हणजे चित्र सुधारले तरी पायाला त्याचा लाभ किती झाला, हा प्रश्न खुला राहिला. २०२४ साली दक्षिण कोरियातील चाचणीने तो बराच मिटवला. तिथे २३७ रुग्णांत औषध लावलेला फुगा वापरला होता. वर्षभराने रोहिणी उघडी राहण्याचे प्रमाण ध्वनीच्या गटात ८३.८, तर फक्त सावलीच्या गटात ७०.१ टक्के आले, आणि त्रासामुळे पुन्हा त्याच जागी उपचार करावा न लागलेल्यांचे प्रमाण ९२.४ विरुद्ध ८३ टक्के. औषध तेच होते, फुग्याचा प्रकारही तोच होता. बदलले ते मोजमाप, आणि त्यावरून केलेली फुग्याच्या मापाची निवड.

फोडणारा ध्वनी

आता दुसरी बाजू. अडथळ्यात भोक पाडण्यासाठी ध्वनी वापरण्याची कल्पना १९८० च्या दशकाच्या अखेरीस जोरात होती. सेकंदाला सुमारे २०,००० कंपने करणारी धातूची तार कठीण साक्यावर टेकवायची. मऊ, लवचीक भिंत कंपनांबरोबर हलते आणि कडक साका चुरतो. पूर्ण बंद रोहिणीतून तार पलीकडे नेण्यासाठी अशी साधने निघाली आणि काही वापरातही आली. पण वाट पाडणे आणि ती वर्षभर उघडी ठेवणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

पाय अचानक बंद पडतो तेव्हा प्रश्न गुठळीचा असतो. ताजी गुठळी विरघळवणारे औषध नळीने थेट तिच्यात सोडतात, पण त्याला कित्येक तास, कधी दिवस लागतात आणि दर तासाला रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून औषध सोडणाऱ्या नळीतच २ मेगाहर्ट्झच्या आसपासचे स्फटिक बसवतात. हा ध्वनी गुठळी फोडत नाही. तो गुठळीतले तंतूंचे जाळे सैल करतो आणि औषधाला आत ढकलतो. नेदरलँड्समधील एका चाचणीत ७ ते ४९ दिवसांपूर्वी बंद पडलेल्या रोहिण्या किंवा बायपास असलेल्या ६० रुग्णांत हे तपासले. निकाल २०१५ साली आला. नेहमीच्या पद्धतीत सरासरी २९.५ तास लागले, ध्वनीच्या जोडीने १७.७ तास, आणि औषधही कमी लागले. हा लाभ खरा आहे. परंतु यशाचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ८४ आणि ध्वनीच्या गटात ७५ टक्के होते, तीस दिवसांनी वाहिनी उघडी असण्याचे प्रमाण ८२ आणि ७१ टक्के. संख्या लहान असल्याने या फरकांवरून ध्वनी वाईट ठरत नाही. चांगला ठरत नाही हे मात्र नक्की. ध्वनीने वेळ वाचवला. जास्त पाय वाचवल्याचा पुरावा यात नाही.

चुन्याचे प्रकरण वेगळे आणि आशादायक आहे. मूतखडा शरीराबाहेरून फोडण्याची रीत १९८० साली म्युनिकमध्ये प्रथम रुग्णावर वापरली गेली. तीच आता फुग्यात आली आहे. फुग्यातल्या द्रवात विजेची ठिणगी पडते, वाफेचा बुडबुडा उसळतो आणि दाबाची लाट बाहेर जाते. काटेकोर बोलायचे तर ही श्राव्यातीत ध्वनीची अखंड लहर नव्हे, एकेक धक्का आहे. पण नाते जवळचे. मऊ ऊतीतून लाट निघून जाते, चुन्याच्या कड्याला मात्र तडे पडतात, मग हलक्या दाबाने फुगवलेला फुगाही पुरतो. ३०६ रुग्णांच्या चाचणीत, भिंत फाटल्यामुळे वा वाट नीट न उघडल्यामुळे ऐनवेळी स्टेंट बसवण्याची पाळी या रीतीत ४.६ टक्के रुग्णांवर आली, साध्या फुग्यात १८.३ टक्के. गुडघ्याजवळ जिथे पाय रोज शेकडो वेळा वाकतो, तिथे धातूचा स्टेंट टळणे ही लहान गोष्ट नाही. पण हे साधन महाग आहे, आणि चुना पूर्ण कड्याचा आहे की एका बाजूला, हे ठरवायला पुन्हा आतून पाहणारा ध्वनीच सर्वांत भरवशाचा.

राहिला तो ध्वनी, जो काहीच फोडत नाही. रॉचेस्टर येथे २००२ साली सशांच्या रक्तपुरवठा तुटलेल्या पायांवर ४० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडला तेव्हा स्नायूंतला रक्तपुरवठा सुधारला. वाहिनी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड तयार होणे औषधाने थांबवताच तो लाभ नाहीसा झाला. म्हणजे ध्वनी वाहिनीच्या अस्तराला हलवत होता आणि अस्तर वाहिनी सैल करत होते. पुढे पोर्टलंडमध्येच, जिथे डॉटर काम करत होते त्याच विद्यापीठात, जोनाथन लिंडनर यांच्या गटाने सोनोग्राफीत वापरायचे सूक्ष्म बुडबुडे रक्तात सोडून त्यांना ध्वनीने थरथरवले. त्या थरथरीने पेशींतून एटीपी हा रेणू बाहेर पडतो आणि बारीक वाहिन्या रुंदावतात. उंदरांच्या पायात याचा परिणाम कित्येक तास टिकला; माणसांवर अजून छोटे प्रयोगच झाले आहेत. ज्यांच्या पायात फुगा पोचेल अशी वाहिनीच उरलेली नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग कधीकाळी उपयोगी पडला तर मला मनापासून आनंद होईल. आज मात्र एखाद्या दवाखान्यात ‘ध्वनीच्या शेकाने बंद रोहिणी उघडते’ असे सांगत असतील तर तिथे जाऊ नये. शेकाच्या यंत्राने उघडलेली रोहिणी अजून कुणी दाखवलेली नाही.

फुगा काढला, रुग्ण घरी गेला, त्यानंतरही ध्वनीचे काम संपत नाही. पुन्हा अरुंद होण्याचा धोका पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो आणि पोटरी दुखू लागेपर्यंत थांबले तर कधी कधी वाहिनी पूर्ण बंद झालेली सापडते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत एकदा आणि मग वर्षभर काही महिन्यांच्या अंतराने, घोट्याचा भागाकार आणि त्या जागेवरचा वेग मोजायचा. पहिल्या भेटीतला वेग वहीत लिहून ठेवलेला हवा. पुढच्या वेळी तो दुप्पट झाला असेल तर रुग्ण कितीही ठीक म्हणत असला तरी त्याला परत बोलवायचे.